संध्याकाळचा काढा

आमच्या घरात दारू मी आणली, नवऱ्यानं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगताना माझी जीभ अडखळेल. स्वतःची चूक सांगायची वेळ आली की माणसाला बरोबर दुसऱ्यांच्या चुका आठवायला लागतात. मलाही आठवतात. पण भट्टीवरून आणली मीच, फडक्यातून गाळली मीच आणि सुंठ-गूळ घालून त्यांच्या हातात पेला दिला तोही मीच.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं, सोलापूरच्या रस्त्यापासून कोसभर आत. जिल्ह्याचं नाव कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडात मात्र धाराशिवच. विहिरीत वाकून बघितलं तर तळाचे खडक दिसायचे. सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर होता. पुरुष खणायचे, आम्ही बाया पाट्या उचलायचो, दुपारी खायला सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायचा. त्याची भाकरी थापायला बसलं की काठ फाटायचे आणि माझं डोकं फिरायचं. मी तापट आहे. तेव्हा होते, अजूनही आहे.

ते काम आमच्या गावच्या मजूर सोसायटीनं घेतलं होतं. बांधाला दगड आणायला सोसायटीचा एक जुना ट्रक होता आणि तो माझे मालक चालवायचे. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्यामुळं इथंही घेत नाही.

त्यांचा बाप दारूनं गेला होता. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हे जेमतेम मिसरूड फुटलेले. पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, त्यांनी असं घट्ट धरलं की लग्नाच्या वरातीत कुणी पिऊन नाचायला लागला तर हे वरात सोडून घरी यायचे. त्या दुष्काळाच्या सुरुवातीला तर वस्तीतल्या चार जणांना घेऊन त्यांनी ओढ्याकाठची हातभट्टीच फोडली. मडकी फोडली, आतलं रसायन वाळूत ओतलं. भट्टीवाल्यानं दोन वळणं वर जाऊन पुन्हा चूल मांडली ते सोडा. माणसाला प्यायला पाणी नव्हतं, याच्या भट्टीला कुठनं मिळत होतं कुणास ठाऊक. पण गावात यांचं नाव झालं. 'भट्टी फोडणारा' म्हणूनच लोक ओळखायचे.

त्याच हिवाळ्यात एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली. हे धाराशिवला जाऊन गाडी चालवून दाखवून आले, मुलाखत देऊन आले, आणि यादीत नाव लागलं. आता फक्त मेडिकल राहिली होती, एप्रिलच्या शेवटी. वयाच्या अटीत बसायचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. म्हणजे ह्या खेपेला हुकलं की जन्माचं हुकलं. पाऊस पडो न पडो, महिन्याच्या महिन्याला पगार येणार, हे मी पाट्या उचलताना मनातल्या मनात रोज घोळवायचे. खाकी कपडे कुठल्या पेटीत ठेवायचे तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. हसू नका. ज्यानं मिलो खाल्लाय त्यालाच कळेल.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. दगड उतरवायला ट्रक बांधाशी लावलेला. ट्रकच्या मागच्या फाळक्याची एक कडी तुटली होती, ती यांनीच तारेनं बांधलेली. हे पाठमोरे उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. तार सुटली आणि लोखंडी पट्टीचा तो फाळका खाली आला तो धारेनं यांच्या डाव्या टाचेच्या मागं. पायात साधी चप्पल. मी पाटी घेऊन वीस पावलांवर होते. फटकन आवाज झाला, वाळलेली फांदी मोडावी तसा. रक्त फार नव्हतं. त्यांनी पाऊल टाकायला बघितलं, पण टाच जमिनीवरून उचललीच नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शीर शिवली. टाचेच्या मागून पोटरीकडं जाणारी जाड शीर असते ना, तीच तुटली होती. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि जखमेपुरती खिडकी ठेवली. डॉक्टर बारीक अंगाचे, चष्मेवाले, मोजकं बोलणारे. म्हणाले, "शिवायचं काम मी केलं. जोडायचं काम तुमच्या शरीराचं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. डाळ, दूध, अंडी, जे मिळेल ते खा. विडी बंद, दारू बंद."

"विडी आजपासून सोडली," हे म्हणाले. "दारूचं तर आमच्या घरात नाव काढायचं न्हाय."

"मेडिकलला चवड्यावर उभं करतात का, साहेब?" मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

"करतील. क्लच दाबायचा पाय आहे," डॉक्टर म्हणाले. "सगळं नीट झालं तर टाच उचलेल."

आता आत्याबाईंबद्दल सांगायला पाहिजे. मालकांच्या वडिलांची ही बहीण, विधवा, आमच्याच घरात राहायची. हाडकुळी, पण बोटांत लई जोर. मुरगळलेला पाय, लचकलेली मान, उतरलेला खांदा, गावातलं सगळं तिच्या हाताखालून जायचं. माणसंच नव्हे, बैलसुद्धा. ओढताना बैलाची खांद्याची शीर दुखावली की आत्याबाई त्याला हातभट्टीची दारू गूळ-हळद घालून बांबूच्या नळकांड्यानं पाजायची, वरनं दारूनंच चोळायची. चार-सहा दिवसांत बैल उभा राहायचा. आणि नुसता बैल कशाला? माझ्या धाकटीच्या वेळी बाळंतपणात मी गार पडले तेव्हा तिनं मलाही अर्धा पेला पाजला होता. अंगात ऊब आली होती, हे मला पक्कं आठवत होतं. मालकांना त्याचा पत्ता नव्हता.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर चौथ्या दिवशी त्यांना कळ सोसवेना. ओठ चावून, घोंगडी मुठीत धरून पडायचे. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना रडताना बघितलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मी कधी बघितलं नव्हतं.

आत्याबाईनं मला चुलीपाशी बोलावलं. "दुखण्यानं शीर आखडती, पोरी. आखडलेल्या शिरंला टाच कशी उचलंल? तिला सैल पाडाया पायजे. रोज अर्धा पेला, काढ्यातनं. सुंठ-ओव्याचा वास मारील. त्येला सांगू नगंस."

"डॉक्टरांनी दारू बंद सांगितलीया, आत्याबाई."

"ती बेवड्यांची दारू. ह्ये औषध हाय."

मला हे पटलं, आणि पटलं म्हणजे अगदी आतून पटलं. डॉक्टरनं पिणाऱ्यांना बंदी केली होती, आणि माझा नवरा तर पिणारा नव्हताच. मग त्याला ती बंदी कशी लागू होईल? आज लिहिताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. पण समोर माणूस ओठ चावत पडला असला की शहाणपण चुलीत जातं.

दुसऱ्या दिवशी जळण आणायच्या निमित्तानं ओढ्याच्या वरच्या वळणावर गेले. भट्टीवाल्यानं मला बघितलं आणि तो दोन घटका हसलाच.

"आत्याबाईला मालिशला पायजे," मी म्हणाले.

"व्हय, मालिशलाच नेत्यात समदे," तो म्हणाला. बाटली भरून देताना हळूच पुढं बोलला, "मालकाला सांगा, नवं मडकं भाजायला लई येळ लागतो."

बाटली जळणाच्या मोळीत घालून डोक्यावर घेतली. रस्त्यात जो भेटेल तो मोळीकडंच बघतोय असं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं.

पहिल्या दिवशी काढा दिला तेव्हा त्यांनी पेला नाकाशी नेला. थोडा वेळ तसाच धरला. आत्याबाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी चुलीत उगाच फुंकर घातली. त्यांनी डोळे मिटून एका दमात पेला रिकामा केला आणि अर्ध्या तासात त्यांना झोप लागली. चार दिवसांनी पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईच्या पाया पडले.

आठ-दहा दिवस सगळं बरं चाललंय असंच वाटत होतं. मग एकेक गोष्ट दिसायला लागली, पण मी ती दिसू दिली नाही. उन्हं कलली की त्यांचं लक्ष चुलीकडं लागायचं. "काढा झाला का गं?" हे आधी दिवेलागणीला विचारायचे, मग चारला विचारायला लागले. अर्ध्या पेल्याचा पाऊण पेला झाला. आत्याबाई म्हणाली, अंगात मुरतंय, मुरू दे. मी सोसायटीच्या दुकानातून, अक्षरशः भांडून, मूठ-मूठ तूरडाळ साठवलेली. शेजारणीकडून अंडं आणायचे. ते सगळं ताटात तसंच राहायचं. "भूक न्हाय," म्हणायचे. डाळ परत भांड्यात ओतताना मला संताप यायचा, पण त्यांच्यावर यायचा, पेल्यावर नाही.

प्लास्टरच्या खिडकीतून जखम दिसायची. ती सुकतच नव्हती. कडा ओल्या, लालसर.

एका संध्याकाळी काढा घेतल्यावर ते एकदम खुशीत आले. खाटेवरून उठून, भिंतीला धरून उभे राहिले आणि प्लास्टरचा पाय जमिनीवर टेकवला. "बघ, दुखत न्हाय," म्हणाले. मग डावा पाय दाबायचा, उजव्या हातानं हवेत गिअर टाकायचा आणि तोंडानं गाडीचा आवाज. "चला, तुळजापूर, तुळजापूर." पाय पुन्हा दाबला. धाकटी टाळ्या वाजवायला लागली, आत्याबाई हसली, आणि मीही हसले. पोट धरून हसले. डॉक्टरनं पाय टेकू नका सांगितलं होतं आणि मी हसत होते. आजवर ज्या ज्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यांत हे हसणं पहिलं.

सहा आठवड्यांनी सोलापूरला प्लास्टर काढलं. एवढी भरदार पोटरी, ट्रक चालवून दगडासारखी झालेली, ती वाळल्या पडवळासारखी झाली होती. घोटा सुजलेला. डॉक्टरांनी टाचेच्या मागं बोटानं चाचपलं, पंजा खाली-वर करून बघितला, पुन्हा चाचपलं.

"पंजा खाली दाबा. माझ्या हातावर जोर द्या."

यांनी दात खाल्ले. डॉक्टरांचा हात हललाच नाही.

"दारू घेता?"

"न्हाय," हे म्हणाले. "पंचशील घेतलंय, साहेब. गावात कुणालाबी विचारा. भट्टी फोडलीय म्या."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "बाई, घेतात का?"

खोलीत स्पिरिटचा वास होता. हे माझ्याकडं बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडं बघत होते. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ह्यांच्या तोंडाला काळं फासल्यासारखं होईल. भट्टी फोडणाऱ्याच्या घरात दारू, आणि ती त्याच्याच बायकोनं, त्याला फसवून पाजलेली. "न्हाय, साहेब," मी म्हणाले.

"मग कोडंच आहे," ते म्हणाले. "विचारलं कारण पिणाऱ्यांचं असं होतं. दारू पोटात गेली की शरीराला आधी ती निस्तरावी लागते. नवं मांस धरायचं काम मागं पडतं. पोटरी भरत नाही, शिरेचा जोड कच्चा राहतो, सूज उतरत नाही, जेवण जात नाही. वर दुखणं कळत नाही, म्हणून माणूस नको तिथं पाय टेकतो." एकेक शब्द माझ्या घरातून उचलून आणल्यासारखा होता. ताटातली डाळ, ओली जखम, हवेतला गिअर. "पुन्हा चार आठवडे प्लास्टर. अजून वेळ गेलेली नाही. पण आता काही बिघडलं तर मेडिकल विसरा."

परतताना एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या सीटवर जागा मिळाली. हे सगळा रस्ता ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते.

घरी आल्या आल्या मी बाटली उकिरड्यावर ओतली. आत्याबाई चवताळली. "मधीच सोडलं तर समदं वाया जाईल," म्हणाली. "बैलाला एवढं चाललं, ह्याला का चालंना?"

"बैलाला चवड्यावर उभं ऱ्हायचं नसतं, आत्याबाई," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदा उलट बोलले.

त्या संध्याकाळी नुसता सुंठ-गुळाचा काढा दिला. त्यांनी एक घोट घेतला. थांबले. पेल्यात बघितलं. मग उरलेला पिऊन टाकला. त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हाताला कापरं होतं, अंगाला घाम. भाकरीचं ताट भिरकावलं, धाकटी भेदरून माझ्या मागं लपली. तिसऱ्या दिवशी पेला परत देत म्हणाले, "काढ्याला चव न्हाय."

"सुंठ संपली," मी म्हणाले.

त्यांनी कोनाड्याकडं बघितलं. सुंठेची बरणी तिथं होती, गळ्यापर्यंत भरलेली. माझंही लक्ष तिकडं गेलं. दोघांनी एकाच वेळी नजर काढून घेतली. तेव्हाच खरं तर बोलायला पाहिजे होतं. अळीमिळी गुपचिळी, असे दोघं बसून राहिलो.

मी मनात दिवस मोजत होते. चार आठवड्यांनी प्लास्टर निघणार, मग मेडिकलला तीनेक आठवडे उरतात. तेवढ्यात पोटरी भरेल? रोज डाळ पोटात गेली तर भरेल. ताट भिरकावलं तर भरेल? मला वाटत होतं अजून आठ दिवस निघाले की वखवख जाईल. कुणाला विचारायची तर सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सहाव्या दिवशी दुपारी मी बांधावर होते. ऊन असं की पाटीच्या कडेला हात लावता येत नव्हता. ओढ्याकडून कामावरचा एक म्हातारा पळत आला आणि म्हणाला, "तुमचं मालक वाळूत पडल्यात."

मी पाटी टाकली ती कुठं पडली ते बघितलं नाही. ओढ्याच्या खालच्या वळणावर, जिथं पहिली भट्टी होती तिथं, ते कुशीवर पडले होते. एक कुबडी बगलेत, दुसरी लांब. प्लास्टर टाचेपाशी चिरलं होतं. कुबडी कशावरून घसरली ते मी बघितलं आणि तेव्हा कुणाला बोलले नाही. मडक्यांच्या खापऱ्या होत्या. त्यांनीच फोडलेल्या.

"परसाकडं चाललो होतो," ते म्हणाले. मान खाली होती.

आमची परसाकडची जागा गावाच्या दुसऱ्या अंगाला. ते मलाही माहीत होतं, पळत आलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत होतं. त्यानं कुबड्या उचलल्या आणि मी नवऱ्याला उचललं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. जोड पुन्हा सुटला होता. ह्या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही, हात धुवायला वळले. ते विचारत नाहीत हेच मला सहन झालं नाही.

"साहेब, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "पहिल्या खेपेला सहा आठवडे मीच त्यांना दारू पाजली. काढ्यातनं. त्यांना ठाऊक नव्हतं. आत्याबाई बैलाला देते तशी दिली. त्यांचा दोष न्हाय."

डॉक्टर हात पुसत उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांच्याआधी हेच बोलले, खाटेवरून, छताकडं बघत.

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"पैल्याच दिवशी. बापाच्या तोंडाला आयुष्यभर तोच वास होता. सुंठीनं झाकतोय व्हय?"

माझं डोकं सणकलं. दवाखाना आहे, डॉक्टर समोर आहेत, काही सुचलं नाही. "मग प्यालात कशाला?" मी म्हणाले. "पेला भिरकावून द्यायचा होता माझ्या तोंडावर. ताट तर भिरकावलंत. भट्टी फोडता आली, एक पेला फोडता आला न्हाय?"

ते म्हणाले, "तू दिलास म्हणून. तू देत होतीस तवर ते औषध होतं. म्या मागितली असती तर ती दारू झाली असती. म्हणून मागितली न्हाय. नुसता काढा झाला का म्हणून विचारत ऱ्हायलो."

मी बाकड्यावर बसले. मला वाटत होतं मी त्यांना फसवतेय, आणि ते फसल्यासारखं दाखवून पीत होते. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, आणि पाय कुणीच सांभाळला नाही.

डॉक्टरांनी शीर पुन्हा शिवली. एवढंच म्हणाले, "आता खोटं बोलू नका. मला बोललात तरी चालेल, पायाला कळतं."

मेडिकलच्या दिवशी आम्ही धाराशिवला गेलोच. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. प्लास्टरच्या पायानं कुबड्या टेकत ते रांगेत उभे राहिले. तपासणारे गृहस्थ भले होते. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "बरे झालात की पुढच्या भरतीला या." हे म्हणाले, "पुढच्या भरतीला वय बसत न्हाय, साहेब." मागच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. तो गडी चालत पुढं गेला, चवड्यावर उभा राहिला, दोन्ही टाचा उचलल्या, खाली ठेवल्या. किती सोपं होतं ते. मी दारातून बघत होते.

घरी आल्यावर आत्याबाईनं विचारलं नाही. तोंडांवरून कळलं तिला. ती चुलीपाशी बसून राहिली आणि मग म्हणाली, "माझंच बोट लागलं लेकराच्या पायाला." मला तिच्यावर ओरडायचं होतं. कितीतरी दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तिनं त्या दिवसापासून कुणाच्या अंगाला हात लावला नाही. लचकलेली माणसं दारात यायची आणि ती त्यांना सोलापूरला जा म्हणून सांगायची.

वैशाखात पौर्णिमा आली. वस्तीत विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची शेड होती. संध्याकाळी सगळे जमले. आम्ही पाझर तलावावरून तशाच धुळीच्या अंगानं गेलो. तिसरं प्लास्टर अजून पायावर होतं, म्हणून यांना भिंतीशी टेकून बसायला जागा दिली. मी शेजारी. दरवर्षी पंचशील म्हणताना यांचा आवाज सगळ्यांत वरचा असायचा, लोक त्यांच्या मागं म्हणायचे.

पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. माझं तोंड उघडलंच नाही. डॉक्टरांचा प्रश्न आणि माझं 'न्हाय, साहेब' कानात वाजलं. मी खाली बघत बसले, आणि मग लक्षात आलं की शेजारचा आवाजही थांबलाय. बाकीच्यांनी म्हणून संपवलं.

मग पाचवं. ते म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मला म्हणता आलं असतं, त्या सहा आठवड्यांत मी काही थेंबभरही प्याले नव्हते. पण मोळीतली बाटली कुणी आणली होती? मीही म्हटलं नाही. शेडमध्ये पुढच्या दोघा-तिघांनी मान वळवून मागं बघितलं. वरचा आवाज कुठं गेला म्हणून बघितलं असेल.

वंदना संपली. लोक उठायला लागले. यांनी उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळं वजन टाकलं.

"चार महिने झाले थेंब न्हाय म्हणून सांगता येईल त्या दिवशी म्हणीन," ते म्हणाले. "आज म्हटलं असतं तर आणखी एक खोटं झालं असतं."

त्यांनी आषाढातल्या पौर्णिमेला पाचवं शील म्हटलं, पहिल्यासारखं मोठ्यानं. पोटरी पुन्हा कधी भरली नाही. पुढं गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा ते दूध मापायला बसायला लागले, स्टुलावर, डावा पाय लांब सोडून. रोज पहाटे निघण्याआधी दाराची चौकट धरून ते चवड्यावर उभे राहायला बघायचे. उजवी टाच उचलायची. डावीखाली मी कागद सरकवून बघायचे. अजून कागद जातो का, हे ते मला विचारायचे, आणि मी खरं तेच सांगायचे.

"न्हाय जात."